चिठ्ठी निघेपर्यंत

मोन्तेविदेओत जुलै म्हणजे भर हिवाळा.
बंदरामागच्या त्या इमारतीत अकरा खोल्या, एक संडास,
आणि दारावर पाटी : मुलं चालणार नाहीत.
माझा नाहुएल सहा वर्षं चालला नाही तिथं.
पायमोजे घालून सरकायचा.
खोकला आला की उशीत तोंड खुपसायचा.
पोराला मी चोरून खोकायला शिकवलं.

भिंतीला ओल.
दर उन्हाळ्यात मालक रंग काढायचा, भाडं वाढवायचा.
मे लागला की पोपडे परत.
लोक मायेच्या ओलाव्याबद्दल बोलतात.
बोलोत.
त्यांच्या भिंती कोरड्या असणार.

खात्याच्या खिडकीशी गेलो आम्ही, बत्तीस कुटुंबं.
जमीन द्या, फेडता येईल असं कर्ज द्या,
हात आमचे आम्ही आणतो.
साहेब म्हणाला, यादीत आहात, वाट बघा.
मी म्हटलं, वाट बघायलाही जागा लागते, साहेब,
तिचंच तर भाडं भरतोय.

चार वर्षांनी मिळाली,
लोकर धुण्याच्या बंद कारखान्यामागची, काचांनी भरलेली.

घर पाहावं बांधून म्हणतात.
पाहिलं.
आठवड्याला एकवीस तास, प्रत्येक घरटी.
मी रात्री इस्पितळाच्या फरश्या पुसायची,
सकाळी घमेलं उचलायची.
तासांची वही वॉशिंग्टन सिल्वेराकडे,
बसचा जुना कंडक्टर. नाव एवढं मोठं,
आणि आयुष्यात नदीपलीकडे गेला नाही.
मिनिटभर उशीर झाला तरी चष्म्यावरून बघायचा.
नेलिदाबाई एकाहत्तरच्या. वीट उचलवत नाही,
तर वाकडे खिळे ठोकून सरळ करायच्या, पोरं सांभाळायच्या.
वहीत त्यांचा तास साठ मिनिटांचा,
माझाही साठचाच.

आणि एक नियम :
कुठलं घर कुणाचं, ते शेवटी.
छपरं पडल्यावर, चिठ्ठ्या टाकून.

एका संध्याकाळी हात गळून गेले होते.
तळमजल्याच्या खिडकीखाली फट राहिली,
आत माल भरलाच नाही, वरून थापी फिरवली.
मनात म्हटलं, जाईल कुणाच्या तरी वाट्याला.

कुणाच्या तरी.
रात्री नाहुएल उशीत खोकला
तेव्हा कळलं हा शब्द मी कुठं ऐकला होता.
मालक आमच्याबद्दल असाच बोलायचा.

उजाडायच्या आत गेले. छिन्नी घेतली,
तीन थर काढले, पुन्हा रचले, ओळंबा लावून.
वॉशिंग्टनला सांगितलं, हे तास धरू नका.
त्याने धरले.

आता पुढची चाळीस कुटुंबं यादीत आहेत.
मी त्यांच्याबरोबर त्याच खिडकीशी जाते.
साहेब बदललाय, वाक्य तेच.
मी म्हणते, किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांत
रात्री किती खिडक्यांत दिवा नसतो, मोजा कधी.
तिथं कुणी राहत नाही, पैसे राहतात.
पैशाला दमा होत नाही, साहेब.
पैशाला दोन बेडरूम कशाला?
दान नकोय. भीक तर नकोच.
जमीन, आणि पगाराला पेलेल असा हप्ता.
बाकीचं वहीत लिहिलेलं आहे,
हवं तर मोजून घ्या.

ती खिडकी दार्दोला लागली.
विटांच्या हिशोबावरून भांडण झालं तेव्हापासून
दोन वर्षं आमचं बोलणं नाही.
अजूनही नाही.
पण त्याची भिंत कोरडी आहे. मला माहीत आहे.

आम्ही वरच्या मजल्यावर.
नाहुएल बूट घालून चालतो, धावतोही,
टाचा आपटत.
खालून दार्दो छताला काठी ठोकतो.
ठोको.